राजाच्या गालावरचा ओरखडा

माझ्या थोरल्या जाऊबाई नाकावर माशी बसू देत नाहीत, हे मी लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी ओळखलं. त्याला आता सव्वीस वर्षं झाली. त्या खालच्या मजल्यावर राहतात, मी वरच्या. या सव्वीस वर्षांत त्यांनी माझ्या कामात काढलेल्या चुका लिहून ठेवल्या असत्या तर कपाट भरलं असतं. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं सगळं मी मनात अढी धरून सांगतेय असं कुणाला वाटायला नको. अढी होती, नाही असं नाही. पण त्या पंधरा दिवसांत माझाही जीव त्यांच्याइतकाच टांगणीला लागला होता.

जाऊबाईंनी बावीस वर्षं एका फोटो स्टुडिओत काम केलं. फिल्मचा जमाना होता. स्टुडिओच्या मागच्या खोलीत, काचेखाली दिवा लावलेल्या टेबलाशी बसून त्या निगेटिव्हवर बारीक पेन्सिल चालवायच्या. कुणाचे मुरूम काढ, कुणाच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं पूस, कुणाची दुहेरी हनुवटी एकेरी कर. आमच्या भागातल्या निम्म्या सुना त्यांच्या पेन्सिलीच्या जोरावर पसंत झाल्यात, असं माझा नवरा म्हणतो. मग स्टुडिओ बंद पडला, आणि जाऊबाईंना जुन्या नाण्यांचा नाद लागला. लागला तो असा की भाऊजींचं लिहायचं टेबल गेलं, मग टेबलाखालचे खण गेले, आणि शेवटी ती अख्खी खोली गेली. भाऊजी गरीब स्वभावाचे. वर्तमानपत्र घेऊन ते मुकाट्याने स्वयंपाकघरात बसायला लागले.

गंमत बघा, आयुष्यभर डाग पुसणारी बाई नाण्यांच्या बाबतीत एकदम उलटी झाली. नाण्याचा फोटो काढायचा तर त्यावरचा कणन् कण दिसलाच पाहिजे. घासलेलं असेल तर घासलेलं, ठेचलेलं असेल तर ठेचलेलं. "माझ्या फोटोत नाणं खोटं बोलत नाही," हे त्यांचं आवडतं वाक्य. परगावचे छंदिष्ट लोक त्यांना विचारायचे, हे घेऊ का, ते घेऊ का; आणि त्यांनी "नको" म्हटलं की समोरचा निमूट माघार घ्यायचा. आमच्या घराण्यात एवढा मान कुणालाच मिळालेला नाही.

नाणी टपालाने यायची, रजिस्टर पार्सलने. ती घेण्याची त्यांची एक ठरलेली रीत होती आणि त्या रीतीत माझी नेमणूक पहाऱ्यावर. बेल वाजली की मी फोन घेऊन वरून धावत यायचं. पोस्टमन दारात उभा राहून पाकीट हातात धरणार, जाऊबाई त्याच्या सहाही बाजूंचे फोटो काढणार, मगच सही. मग टेबलावर पाकीट ठेवून, बाह्या कोपरापर्यंत सारून, त्या ते ब्लेडने उघडणार आणि मी सलग चित्रीकरण करणार. त्यांचे हात चौकटीबाहेर जाता कामा नयेत. मी बोलता कामा नये. एकदा मला शिंक आली तर आठवडाभर ऐकून घ्यावं लागलं. मग नाणं छोट्या काट्यावर तोलायचं, कडेने धरून, वरच्या चित्राला बोट न लावता, करड्या पुठ्ठ्यावर ठेवायचं. वर स्टँडला कॅमेरा, सरळ खाली बघणारा.

आणि दिवा दहावर. हे नीट सांगते, कारण सगळं याच्यावरच आहे. नाणं म्हणजे घड्याळाची तबकडी समजायची. राजाच्या डोक्यावर बारा, मानेखाली सहा. दिवा कुठे ठेवलाय ते या तबकडीवर सांगायचं. जाऊबाईंचा दिवा कायम दहावर, थोडा खाली झुकवलेला. सात वर्षांपूर्वी बरंच करून बघून त्यांनी ती जागा ठरवली होती आणि टेबलावर निळ्या चिकटपट्टीने खूण केली होती. त्या खुणेवरून दिवा पुसायलासुद्धा हलवायचा नाही.

आता पोस्टमन. आमच्या भागात ते अकरा वर्षं टपाल आणत होते. बारीक अंगाचे, हळू बोलणारे, जिना चढताना प्रत्येक मजल्यावर एकदा खोकणारे. जाऊबाईंची पाकिटं ते मोठ्या झोळीत टाकायचे नाहीत, खांद्याला वेगळी लहान पिशवी लावून त्यात आणायचे. सहा बाजूंचे फोटो होईपर्यंत हात न हलवता उभे राहायचे. "आता उजवी कड, ताई?" असं स्वतःच विचारून पाकीट फिरवायचे. आमच्या घरी जाऊबाईंच्या शिस्तीला न कंटाळलेला हा एकच माणूस. निवृत्तीला पाच महिने उरले होते त्यांच्या.

जाऊबाईंच्या चांदीच्या नाण्यांच्या मालिकेत एकच नाणं कमी होतं. एका वर्षी टांकसाळीने साचा बदलला आणि तोवर गुळगुळीत असलेल्या राजाला दाढी आली. मग राजालाच ती आवडली नाही की काय, पुढच्या वर्षी पुन्हा साफ हनुवटी. त्यामुळे दाढीवाला राजा फार थोडा निघाला. जाऊबाई नऊ वर्षं त्याच्या मागावर होत्या. शेवटी एका परगावच्या विक्रेत्याकडे तो सापडला. त्याने फोटो पाठवला. स्वच्छ गाल, दाढीचा केसन् केस मोजून घ्यावा असा. जाऊबाईंनी तो फोटो दोन दिवस भिंगाखाली पाहिला आणि मग होकार कळवला. त्यानंतरचे चार दिवस त्या खिडकीत उभ्या. पोस्टमन दिसले की तिथूनच, "आलं का हो?"

पाचव्या दिवशी आलं. पण त्या दिवशी दोघं भाऊजींचे डोळे तपासायला गेली होती, दाराला कुलूप. सहाव्या दिवशी सकाळी नऊलाच बेल वाजली. मी धावले. पोस्टमन म्हणाले, "काल कुलूप होतं ताई. ऑफिसात परत केलं असतं तर नोंदीत तीन दिवस अडकलं असतं. तुम्ही रोज विचारत होतात, म्हणून घरी नेऊन कपाटात ठेवलं. आज आधी तुमच्याकडेच आलो."

जाऊबाईंच्या चेहऱ्यावरचा आनंद मी पाहिलाय. पण फोटो काढताना त्यांचा हात थांबला. पाकिटाच्या एका कोपऱ्यावर टेप दुहेरी होती. खालची पारदर्शक आणि वरची खाकी.

"हे असंच आलं?" त्यांनी विचारलं.

"मी बघितलं तेव्हापासून असंच आहे. नको असेल तर सही करू नका, परत पाठवतो."

नऊ वर्षांची वाट. त्यांनी सही केली. पोस्टमन खोकत वरच्या मजल्याकडे गेले.

पाकीट उघडलं, नाणं तोललं, वजन बरोबर भरलं. पुठ्ठ्यावर ठेवलं, दिवा लावला, आणि जाऊबाई "अगं बाई" म्हणून मागे सरकल्या. राजाच्या कानशिलापासून दाढीपर्यंत, गालावरून तिरपा, पांढराशुभ्र ओरखडा. नुसत्या डोळ्यांना जेमतेम दिसणारा, पण पडद्यावर मात्र सुरी ओढल्यासारखा.

"दाढी करताना लागलं असेल," मी म्हटलं. मला असं नको तिथे सुचतं.

त्या हसल्या नाहीत. विक्रेत्याचा फोटो शेजारी लावला. तिथे गाल स्वच्छ. विक्रेत्याला फोन केला. तो म्हणाला, "बाई, माझ्या नाण्यावर ओरखडा नव्हता. फोटो तुमच्याकडे आहेच." जाऊबाईंनी फोन ठेवला आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, "वाटेत बदललंय. त्याच वर्षीचं दुसरं, खराब नाणं घातलंय कुणीतरी. टेप बघितलीस ना? आणि रात्रभर कुठे होतं ते?"

मी मान डोलावली. हे मला लिहायलाच हवं. मला तेव्हा पोस्टमनचं खोकणं आठवलं नाही, झोळीहून वेगळी ठेवलेली पिशवी आठवली नाही. पडद्यावर दोन फोटो होते आणि ते इतके सरळ बोलत होते की मी मान डोलावली.

तक्रार जाऊबाईंनी त्याच दिवशी लिहिली. चौदा फोटो जोडले. "मी बावीस वर्षे छायाचित्रांवर काम केले असून छायाचित्रातील फरक मला अचूक कळतो," असंही लिहिलं. पोस्टमनवर थेट आरोप केला नव्हता, पण पाकीट एक रात्र त्यांच्या घरी होतं हे मात्र लिहिलं होतं. तेवढं पुरलं. आठवड्याच्या आत नवा पोस्टमन दारात उभा. आधीच्यांना घरी बसवलंय म्हणाला. चौकशी लागलीय. "ते स्वतःच म्हणाले, हो, नेलं होतं घरी. आता पेन्शनवर गदा येईल बहुतेक."

जाऊबाई म्हणाल्या, "नियमाप्रमाणे होऊ दे जे व्हायचं ते," आणि दार लावून घेतलं. मला त्यांचा इतका राग आला की मी दोन दिवस खाली उतरले नाही. औषधांच्या दुकानापाशी पोस्टमन दिसले तेव्हा मात्र फुटपाथ मीच बदलला. त्यांना काय तोंड दाखवणार?

पोस्ट ऑफिसातून पत्र आलं. गुरुवारी सकाळी अकराला चौकशी, तक्रारदाराने नाण्यासह हजर राहावे. आणि त्याआधी नाण्याचा मोजपट्टीसह एक फोटो जमा करावा, म्हणजे आकार नोंदवता येईल. मंगळवारी दुपारी जाऊबाईंनी मला हाक मारली. मी तोंड फुगवून गेले. त्यांनी नाण्याच्या डाव्या अंगाला स्टीलची पट्टी ठेवली. दिव्याचा उजेड पट्टीवर आपटून राजाच्या तोंडावर चकाकी यायला लागली. पट्टी वर घेतली, खाली घेतली, चकाकी काही जाईना. तेव्हा, सात वर्षांत पहिल्यांदा, त्यांनी दिवा निळ्या खुणेवरून उचलला आणि पलीकडे ठेवला, घड्याळात एक वाजतो तिथे.

आणि पडद्यावर राजाचा गाल स्वच्छ झाला.

ओरखडा नव्हता. पुसट नाही, अर्धा नाही, नव्हताच. जाऊबाईंनी दिवा उचलून परत दहावर नेला. ओरखडा आला. एकवर नेला, गेला. ओरखडा होता बारीक, उथळ, तिरपा. उजेड त्याच्यावर आडवा आला की तो चमकायचा, त्याच्या रेषेतूनच आला की बुडून जायचा.

"हे तेच नाणं आहे," मी म्हटलं.

"थांब."

"कशाला थांबायचं? आत्ताच्या आत्ता फोन करा पोस्टात!"

"थांब म्हटलं ना. खात्री होऊ दे."

"तक्रार करताना होती तेवढी खात्री चालेल की!" हे माझ्या तोंडून गेलंच. सव्वीस वर्षांत इतकं मी त्यांना कधी बोलले नव्हते. स्वयंपाकघरात वर्तमानपत्राचा आवाज थांबला.

त्यांनी खुर्ची पुढे ओढली आणि दिवा बारावर ठेवून फोटो काढला. मग दोनवर, तीनवर. अशी सगळी तबकडी. प्रत्येक फोटो विक्रेत्याच्या फोटोशी लावून बघत होत्या आणि माझ्या लक्षात आलं की ही बाई अजून स्वतःचंच खरं करायला बघतेय. कुठेतरी एखादा फरक सापडावा, म्हणजे तक्रार खरी ठरेल. मला त्यांचा रागही आला आणि कीवही. तासाभराने त्यांना जे सापडलं ते उलटंच होतं. वर्षाच्या शेवटच्या आकड्याला चिकटलेला एक धातूचा ठिपका, साच्यातच राहिलेला दोष. तो दोन्ही फोटोंत होता. कडेपाशी एक टोचा, तोही दोन्हींत.

मग त्यांनी विक्रेत्याच्या फोटोतल्या राजाच्या नाकावर बोट ठेवलं. "उजेड कुठून आहे बघ. नाकाच्या पुढे काळोख आहे. आपल्या फोटोत नाकावर उजेड. पहिल्याच दिवशी दिसायला हवं होतं हे. स्टुडिओतल्या पोरींना मी हेच शिकवत होते, आधी सावली बघा." मी पाणी आणून दिलं, त्या प्यायल्या नाहीत.

बुधवारी विक्रेत्याला पुन्हा फोन लावला. दिवा कुठे ठेवता? "दिवा कसला, दुपारी खिडकीत काढतो." आणि कोपऱ्यावर दुहेरी टेप का होती? "ती होय! पोस्टाच्या काउंटरवर वजन करताना कोपरा उसवला, तिथल्याच बाईने खाकी टेप दिली. का, काय झालं?" टेपचा प्रश्न त्याला आधी कुणी विचारलाच नव्हता. हे लिहून पाठवायला सांगून जाऊबाईंनी फोन ठेवला आणि भाऊजींना म्हणाल्या, "मी एका माणसाचं वाटोळं केलं हो." भाऊजींनी चष्मा काढून पुसला, एवढंच. त्या रात्री खालच्या घरात कुणी जेवलं नसावं, भांड्यांचा आवाज आला नाही.

गुरुवारी आम्ही पोस्टात गेलो. स्टँड, कॅमेरा, दिवा, करडा पुठ्ठा, सगळं पिशव्यांत भरून. काउंटरच्या मागे काचेच्या अर्ध्या भिंतीची खोली, टेबलामागे टपाल खात्याचा इन्स्पेक्टर. बाजूच्या बाकावर पोस्टमन बसले होते. साध्या शर्टात. अकरा वर्षांत मी त्यांना गणवेशाशिवाय असं समोर बसलेलं पाहिलं नव्हतं. अंगाने आणखीच वाळल्यासारखे. आम्ही आत गेलो तसे ते उठून उभे राहिले, सवयीने. मला रडू आलं, मी खिडकीकडे तोंड केलं.

जाऊबाई उभ्यानेच म्हणाल्या, "साहेब, माझी तक्रार चुकीची आहे. नाणं बदललेलं नाही. चूक माझ्या बघण्यात झाली."

इन्स्पेक्टरने भुवया वर केल्या. "चौदा फोटो जोडलेत तुम्ही."

"ते खरे आहेत. पण अर्धेच खरे आहेत." त्यांनी नवे फोटो पुढे ठेवले, बारा ठिकाणचे बारा.

त्याने ते पत्त्यांसारखे चाळले आणि परत सारले. "बाई, हल्ली फोटोत काहीही करता येतं. आणि तुम्हीच लिहिलंय की बावीस वर्षं फोटोतले डाग काढण्याचं काम केलंय. उद्या कुणी म्हणालं, तुम्हाला त्यांची दया आली, म्हणून ओरखडा पुसलात, तर?" तो वाईट माणूस नव्हता. पण जाऊबाईंचीच पेन्सिल त्यांच्यावर उलटली होती.

"फोटो सोडा," जाऊबाई म्हणाल्या. "डोळ्यांनी बघा. दहा मिनिटं द्या मला."

टेबल डुगडुगत होतं. पायाखाली मी माझी चप्पल सरकवली. खोलीतला प्लग चालेना. शिपायाने कुठूनतरी वायर ओढून आणली. कॅमेरा न लावता जाऊबाईंनी नुसतं भिंग स्टँडला बसवलं, नाणं कडेने धरून पुठ्ठ्यावर ठेवलं, दिवा दहावर. इन्स्पेक्टर वाकला. "दिसतोय ओरखडा." मग दिवा एकवर.

"अजून दिसतोय," तो म्हणाला.

मी वाकून पाहिलं. ओरखडा होता. फिका, पण होता. बाकावरून पोस्टमन आमच्याकडे बघत होते आणि मला त्यांच्याकडे बघवेना. जाऊबाईंनी दिवा इंचभर सरकवला, परत आणला, झुकवला. ओरखडा तिथेच. इन्स्पेक्टरने घड्याळ पाहिलं. आणि मग जाऊबाईंनी मान वर केली, छताकडे पाहिलं. डोक्यावर चार ट्यूबलाइट, सगळ्या बाजूंनी उजेड.

"हे बंद करा."

"त्याचं बटण वेगळं नाही," शिपाई म्हणाला. "सगळ्या हॉलचं एकच आहे. बाहेर काउंटर चालू आहेत, लोक ओरडतील."

"ओरडू देत."

"बाई, असं सरकारी कामात..."

"साहेब," जाऊबाईंचा आवाज चढला, "यांच्या तीस-बत्तीस वर्षांच्या नोकरीचा प्रश्न आहे. लोकांना मिनिटभर ओरडू दे!" सव्वीस वर्षं ज्या आवाजाने माझा थरकाप उडायचा, तो आवाज त्या दिवशी मला फार बरा वाटला.

इन्स्पेक्टरने शिपायाला खूण केली. मी पडदे ओढले. खट्कन सगळं अंधारलं आणि बाहेर रांगेतून एकच गलका उठला. "अहो, काय चाललंय!" कुणीतरी म्हणालं, "झालं, हेही बंद पडलं!" आत फक्त जाऊबाईंचा दिवा. दहावर. इन्स्पेक्टर भिंगाशी वाकलेला. जाऊबाई दिव्याचा पाय टेबलावरून सावकाश ओढत होत्या, अकरा, बारा, एक.

"गेला," इन्स्पेक्टर म्हणाला. "परत न्या." नेला. "आला." पुन्हा आणला. "गेला की!" स्वतःच दिवा धरून त्याने तीन-चारदा मागेपुढे केलं, लहान मुलाच्या हातात खेळणं आल्यासारखं. मग विक्रेत्याचा फोटो धरून ठिपका पाहिला, टोचा पाहिला. मी विक्रेत्याने लिहून पाठवलेला टेपचा खुलासा पुढे केला. दिवे लागले. बाहेरची ओरड थांबली.

"चोरीचा विषय संपला," इन्स्पेक्टर म्हणाला. "पाकीट घरी नेलं त्याची नोंद मात्र राहील. निवृत्तीपर्यंत आत, टपालाची वर्गवारी करायला बसावं लागेल. पेन्शनला धक्का नाही." मग पोस्टमनकडे वळून, "तुम्हीही बघा एकदा. तुमच्यामुळे एवढा खटाटोप झालाय."

पोस्टमन उठून आले. भिंगावर वाकायला त्यांना वेळ लागला. बराच वेळ बघत राहिले.

"अकरा वर्षं आणतोय," ते म्हणाले. "आत काय असतं ते आज पाहिलं."

आम्ही कधी दाखवलंच नव्हतं. सहा बाजू झाल्या की दार बंद.

मग ते सरळ उभे राहिले आणि जाऊबाईंना म्हणाले, अगदी हळू, नेहमीसारखंच, "ओरखडा दिसला तेव्हा मी तुमच्याच जिन्यात होतो, ताई. वरच्या मजल्यावर टपाल देत होतो. हाक मारली असतीत तर आलो असतो. एकदा मला विचारायचं होतं."

जाऊबाईंनी मान खाली घातली आणि दिवा बंद केला.

इन्स्पेक्टरने घसा साफ करून जबाब लिहायला घेतला. तक्रार गैरसमजातून झाली, नाणे तेच आहे, तक्रार मागे घेत आहे. "करा सही."

जाऊबाईंनी वाचलं. "एक ओळ राहिली," त्या म्हणाल्या. "तक्रार करण्यापूर्वी मी पोस्टमनना काहीही विचारले नव्हते. हे लिहा."

"त्याची काही गरज नाही, बाई. उलट ते तुमच्याच विरोधात जाईल. उद्या कुणी तुमच्यावर दावा केला तर हाच कागद पुढे येईल."

"लिहा. नाहीतर मी सही करणार नाही."

इन्स्पेक्टरने पेन खाली ठेवलं आणि पोस्टमनकडे पाहिलं. मीही पाहिलं. असा मऊ माणूस, आता म्हणणार, जाऊ दे साहेब, कशाला. मी तर तेच ऐकायच्या तयारीत होते.

"लिहा, साहेब," पोस्टमन म्हणाले.

इन्स्पेक्टरने ओळ लिहिली. जाऊबाईंनी खाली सही केली आणि तारीख घातली.